पावणेचारला बंद पडणारा जनरेटर

राहील शिकलगार म्हसवडला निघाला तेव्हा काम नेहमीचंच होतं. त्यांच्या गॅरेजनं विकलेला एक जनरेटर तिथल्या दूध शीतकरण केंद्रात अडत होता, तो बघून संध्याकाळपर्यंत परत यायचं होतं. मोटारसायकलच्या डाव्या अंगाला हत्यारांची लोखंडी पेटी अडकवलेली, पिशवीत आईनं दिलेली चटणी-भाकरी, आणि ऊन अजून कोवळं. घाबरण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

एकच गोष्ट त्याला खटकली होती. कृष्णात आबांनी त्याच्याकडं मान वर करून पाहिलं नव्हतं.

कृष्णात आबा म्हणजे इस्लामपुरातले फौजी मेस्त्री. वीस वर्षं फौजेत त्यांनी इंजिनं दुरुस्त केली, हवालदार होऊन परत आले आणि फौजेचेच जुने जनरेटर लिलावात घ्यायला लागले. हिरवेगार, दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेले, चोवीस व्होल्टवर सुरू होणारे दणकट गडी. फौजेनं वापरून टाकलेले, तरी अजून वीस वर्षं धावतील असे. आबा ते खोलायचे, नवे करायचे, रंग मारून विकायचे. राहील आठवीतून शाळा सोडून त्यांच्याकडं आला त्याला आता अकरा वर्षं झाली होती. माणसांत बोलायला त्याची जीभ अडखळायची, पण इंजिनासमोर त्याला कधी शब्दांची गरज पडली नाही. आबा चहाच्या टपरीवर चारचौघांत सांगायचे, "माझं पोरगं म्हणा ह्येला. फरक फक्त एवढाच, ह्यो माझं ऐकतो."

आणि आबा त्याला काही सांगितल्याशिवाय कधी बाहेर पाठवत नसत. आधी धूर बघ, मग कान लाव, मग पाना उचल. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी मात्र ते पेट्रोलमध्ये बेअरिंग धूत बसले होते आणि धुतलेलंच पुन्हा धूत होते.

"गव्हर्नर बदल आन् ये," ते म्हणाले. "लय खोलात शिरू नगंस."

"तुमी येत न्हाईसा, आबा?"

"गुडघा बोलतोय माझा." मग थोडं थांबून, "तिथं कॅन धुवायला एक म्हातारी हाय. तिचं डोकं फिरल्यालं हाय. तिच्या नादी लागू नगंस."

गुडघा दुखत असला तरी आबा परवा विट्यापर्यंत जाऊन आले होते. राहीलनं नवा गव्हर्नर पेटीत टाकला.

शीतकरण केंद्र म्हसवडच्या अलीकडं, माळावर होतं. पांढरी इमारत, पुढं दुधाच्या गाड्यांची चाकोरी, मागं बाभळी आणि बाभळींच्या आडोशाला जनरेटरची पत्र्याची शेड. मालक वीरधवल चाळिशीतला, ढेरी सुटलेला, हसतमुख माणूस.

"आला का डॉक्टर?" तो म्हणाला. "आमच्या पेशंटला घड्याळ कळतंय बघा. दोनला लाईट जाती, आमी मशीन चालू करतो. पावणेचारला ते बंद पडतं. रोज. चारला बटन दाबलं की परत चालू! जणू मधी डुलकी काढून आलं. आमची पोरं तर आता पावणेचारला च्याच टाकत्यात."

"आधी कुणी बघितलं?"

"चार मेस्त्री आलं. एकानं फिल्टर बदलला, एकानं पंप. चौथ्यानं लिंबू बांधला." वीरधवल हसला, मग हसू आवरून म्हणाला, "चेष्टा जाऊ द्या. चार हजार लिटर दूध असतंय टाकीत. ह्या उन्हाळ्यात रोज पंधरा मिंटं गारवा तुटतोय त्याचा. दोनदा नासलं माझं."

राहीलनं शेडचं दार उघडलं. आत तापलेल्या पत्र्याचा, डिझेलचा आणि कुठूनतरी आंबलेल्या दुधाचा वास होता. जनरेटर नव्या हिरव्या रंगात चकाकत होता. हा सेट आबांनी एकट्यानं तयार केला होता. राहीलची बहीण सुमैरा हिच्या लग्नात तो आठ दिवस सुट्टीवर होता, तेवढ्यात लिलावातून आलेला सेट रंगवून गेलाही होता. रंग जरा जाडच लागला होता. अंगावरचा फौजेचा नंबर त्याखाली पार बुजला होता.

त्यानं दोन वाजेपर्यंत सगळं तपासलं. डिझेल स्वच्छ. नळीत हवा नाही. पंप चांगला. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, तो तर इतका ठणठणीत होता की बदलायचं कारणच नव्हतं. आबांनी दिलेला नवा गव्हर्नर पेटीत तसाच राहिला. दोनला लाईट गेली, त्यानं बटन दाबलं आणि सेट पहिल्याच झटक्यात सुरू झाला.

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यानं इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मेस्त्री लोक असंच ऐकतात. डॉक्टर नळी लावतो तसं. लोखंडाच्या आतलं सगळं त्या मुठीतून कानात येतं. सगळं सुरळीत होतं. एकसारखं, भरल्या पोटाचं इंजिन.

साडेतीनला म्हातारी आली. वाळकी, उंच, कोपरापर्यंत ओले हात. तिनं राहीलकडं पाहिलंही नाही. पदराला हात पुसत ती शेडमध्ये शिरली, इंजिनात हवा नेणाऱ्या पाईपाजवळ भिंतीला पाठ लावून बसली आणि तोंडासमोर पदर धरून वाट बघत राहिली. एस.टी.च्या फाट्यावर माणूस बसतं तशी.

"मावशी, लय आवाज हाय हितं," राहील ओरडून म्हणाला. "भाईर बसा."

"माज्या सवयीचा हाय," ती म्हणाली.

पावणेचारला दोन मिनिटं कमी होती. कानाला लावलेल्या मुठीत आधी काहीच बदललं नाही. मग इंजिनाच्या आवाजामागं दुसरा एक आवाज आला. राहीलला वाटलं, आपलाच श्वास असेल. त्यानं श्वास धरला. तो आवाज थांबला नाही. कुणीतरी खूप धावून आल्यासारखं धापा टाकत होतं. त्या पाईपाच्या आत. अगदी जवळ…

मग त्या धापा थांबल्या. पोहणारा बुडी मारण्याआधी छाती भरून घेतो, तसा एक मोठा श्वास आत ओढला गेला.

इंजिनाचा वेग खाली बसायला लागला. आवाज घोगरा झाला, धुराड्यातून भकाभका काळा धूर आला. धूर पांढरा असता तर पाणी, निळा असता तर ऑइल. काळा म्हणजे डिझेल आहे, पण इंजिनाला हवा मिळत नाही. राहीलनं झटकन हवेचा फिल्टर काढून बाजूला फेकला. पाईपाचं तोंड उघडं पडलं. आता तर हवा भसाभसा आत जायला हवी होती. धूर आणखी काळा झाला. इंजिन गुदमरत होतं, आणि त्याच्या तोंडावर काहीही नव्हतं.

आत हवेची ओढ आहे की नाही हे बघायला त्यानं पाईपाच्या तोंडाशी तळहात नेला.

ओढ नव्हती. तिथं एक हात होता.

दिसत नव्हता, पण होता. गरम, घट्टे पडलेला, त्याच्या तळहाताला तळहात भिडवून. त्या हातानं त्याचा हात धरला नाही. विहिरीच्या काठावरून लहान मूल मागं सारावं तसं, एकदाच, नेटानं, त्यानं राहीलला मागं ढकललं. तो ट्रॉलीच्या चाकापाशी जाऊन आदळला.

इंजिन थांबलं.

शांततेत बाहेर कुठंतरी कॅनमधून पाणी ठिबकत होतं. म्हातारी उठली नव्हती. तिचा पदर तोंडावरून खाली आला होता.

"धरला का ढकलला?" तिनं विचारलं.

"काय…?"

"तुजा हात. त्येनं धरला का ढकलला?"

"ढकलला."

कुणीतरी म्हातारीच्या ताटातला घास काढून घ्यावा तसा तिचा चेहरा झाला होता.

"मग तू न्हाईस," ती हळू म्हणाली.

राहील उठला. मेस्त्रीचे हात आपोआप काम शोधतात. त्यानं पाईपाचा मधला तुकडा सोडवला, उजेडाकडं धरला. त्याच्या अंगावर चार भोकं होती, चार बोल्टांनी बुजवलेली. तीन बोल्ट फौजेचे, सारखे. चौथा बारका, डोकं घासलेला, करवतीनं तिरका कापलेला. त्यावरचा हिरवा रंग राहीलनं नखानं खरवडला.

माणूस आपलं अक्षर ओळखतो तसा त्यानं तो बोल्ट ओळखला. तीन वर्षांपूर्वी फौजेचा चौथा बोल्ट हरवला म्हणून त्यानं आपल्या जुन्या स्कूटरचा बोल्ट कापून तिथं बसवला होता.

त्या चार भोकांच्या जागी एक झडप असायची. डिझेल इंजिन कधीकधी उधळतं. डिझेल बंद केलं तरी स्वतःचंच ऑइल पीत सुटतं आणि थांबत नाही. मग त्याची हवा तोडावी लागते. फौजेच्या सेटला त्यासाठी ही झडप असते. दांडी ओढली की हवेचं तोंड बंद. त्या सेटची झडप हादऱ्यानं आपोआप पडायची, तिची स्प्रिंग कुठं मिळेना, आणि गिऱ्हाईक घाई करत होतं. आबा म्हणाले होते, "काढून टाक. फौजेचे चोचले हायत. हितं कोण लढाई करतंय?"

राहीलनं विचारलं होतं, "आन् इंजिन उधळलं तर, आबा?"

"मी हाय की," आबा म्हणाले होते.

तो सेट खंडाळ्याला एका खडी क्रशरवर गेला होता. तो हाच सेट होता. लिलावातून आलेला नव्हता. पुन्हा विकत घेतलेला, पुन्हा रंगवलेला.

"मावशी," त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "खंडाळ्याला काय झालं हुतं?"

शालूबाई तिचं नाव. तिनं सांगितलं. फार थोडक्यात सांगितलं, पुष्कळदा सांगून झालेलं माणूस सांगतं तसं. तिचा अर्जुना त्या क्रशरवर मशीन चालवायचा. एका दुपारी पावणेचारला मशीन उधळलं. सगळे पळाले. अर्जुनानं डिझेल तोडलं, मशीन थांबेना. दांडी शोधली, दांडी नव्हती. शेवटी तो पाईपाच्या तोंडावर हात आणि छाती दाबून उभा राहिला. मशीन थांबत आलं होतं. त्याच्या गळ्यात उपरणं होतं. ते मशीनच्या पंख्यात गेलं.

"मशीन थांबलं," शालूबाई म्हणाली. "दोगं बी संगंच थांबलं."

राहीलचा अंगठा त्या तिरक्या बोल्टावर फिरत होता.

"तुजा मेस्त्री मशीन न्यायला आला तवा म्या त्येच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणलं, माजं पोर रोज पावणेचारला येतंय ह्या मशीनपाशी. मला मशीनसंगं ऱ्हाऊ द्या. म्हसवड माजं म्हायेर. त्येनं मशीन हितं दिलं, मला हितं कामाला लावलं. मी आनिक एक मागितलं. म्हणलं, ज्यानं झडप काढली त्येला एकदा हितं आना. अर्जुना वळखंल त्येला. धरंल." तिनं पहिल्यांदा राहीलच्या डोळ्यात पाहिलं. "मेस्त्री म्हणला, पोरगं हाय माज्याकडं, राहील नावाचं. मला न इचारता काडली त्येनं. धाडतो."

राहील शेडच्या बाहेर आला. त्यानं फोन लावला.

"झालं का काम?" आबांनी विचारलं. आवाज फार जपून काढलेला होता.

"आबा, ह्यो खंडाळ्याचा सेट हाय."

"कोण म्हणालं?"

"माझा बोल्ट हाय त्यात."

पलीकडं गॅरेजमधला पंखा तेवढा ऐकू येत होता.

"तुमी माझं नाव सांगिटलंसा तिला."

"ऐक, राहील… फौजेचं रेकॉर्ड हाय माझं. ह्या वयात नाव गेलं तर मी तोंड कुठं दाखवू? तू तरणा हायस. तुला कोण काय करणार हाय? म्हातारीच्या मनाचे खेळ हायत ते."

"मनाचे खेळ हायत तर तुमी का न्हाई आलासा?"

पुन्हा पंखा.

"आबा, त्यानं माझा हात धरला असता तर?"

"राहील…"

"तुमीच काढाय लावली हुती."

"मी तोंडानं बोललो," कृष्णात आबा म्हणाले. "हात तुझंच व्हतं की, बाबा."

राहीलनं फोन ठेवला. शेडच्या दारात शालूबाई ऐकत उभी होती. अकरा वर्षं त्यानं या माणसाच्या ताटात जेवण घेतलं होतं, आणि ईदला पहिला शिरखुर्मा याच्याच घरी नेला होता. रडू येईल असं त्याला वाटलं, पण आलं नाही.

मग तो कामाला लागला. अडलेलं मशीन तसंच सोडून जायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

लाईट आली होती, त्यामुळं दुधाची घाई नव्हती. वीरधवलकडून त्यानं दुधाच्या कॅनचं एक ॲल्युमिनियमचं झाकण मागून घेतलं. करवतीनं कापून, कानशीनं घासून पाईपात बसेल अशी गोल चकती केली. सायकलच्या ब्रेकची दांडी तिला आस म्हणून घातली. मोटारसायकलच्या स्टँडची एक स्प्रिंग काढून लावली. वीरधवल दोनदा येऊन बघून गेला. "आमच्या कॅनला डोकं न्हाई ठेवलंसा डॉक्टर," म्हणून हसला. राहीलच्या तोंडाकडं बघून दुसऱ्यांदा मात्र तो न हसताच परत गेला. शालूबाई शेजारी बसून त्याला बोल्ट, पाने हातात देत होती. कुठला हवा हे तिला सांगावं लागत नव्हतं.

सहा वाजता त्यानं सेट सुरू केला आणि भरधाव असताना दांडी ओढली. झडप खाडकन पडली. इंजिन दोन फेऱ्यांत शांत झालं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा ओढली. पुन्हा शांत. हात लावायची कुणालाच गरज उरली नव्हती.

शालूबाईनं पाईपावरून तळवा फिरवला.

"आता हितं त्येला काय काम न्हाई," ती म्हणाली.

राहीलला तेव्हा कळलं की त्यानं दुरुस्त केलेलं नुसतं मशीन नव्हतं. "मावशी, उद्या पावणेचारला…"

"न्हाई यायचा." तिनं डोळे पुसले नाहीत. "लय दमला हुता. माज्यासाठीच ऱ्हायला हुता का कामासाठी, त्ये मला कवा कळलं न्हाई. आता सुटला."

ऊन उतरलं होतं. राहील पेटी अडकवत होता तेव्हा ती मागून आली.

"तुज्या मेस्त्रीचं घर कुटं रं?"

राहीलचा हात पेटीच्या कडीवर थांबला.

"तुमी येणार हायसा का, मावशी?"

"माजं पाय चालत न्हाईत आता. सांग की, नुसतं."

तो तिच्याकडं बघत राहिला. तिच्या तोंडावर राग नव्हता. रस्ता चुकलेल्या पाहुण्यासाठी पत्ता विचारावा तसं तिनं विचारलं होतं. माळावर वारा पडला होता. शेडचं दार उघडंच होतं, आणि आत अंधार साचायला लागला होता. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. आबांचं नाव त्याच्या जिभेवर आलं, आणि त्यामागून आबांचंच वाक्य आलं: मी तोंडानं बोललो.

"इस्लामपूर," तो म्हणाला. बोलताना तो पहिल्यांदाच अडखळला नाही. "स्टँडच्या मागल्या गल्लीत, पिंपळ सोडला की तिसरं शटर. निळं. घर माडीवर हाय. पर आबा रात्री खालीच झोपत्यात, गॅरेजातच. उकडतंय म्हणून शटर अर्धंच ओढत्यात."

शालूबाईनं मान हलवली. "ऐकलंस न्हवं?" ती म्हणाली. ती राहीलकडं बघत नव्हती.

राहीलनं किक मारली. गाडी सुरू झाली. त्याच क्षणी गाडीचा मागचा भाग हळूच खाली दबला. दणकट माणूस पाय टाकून मागं बसला की दबतो तसा. मग गाडी जराशी डुलली, आणि तोल सावरून स्थिर झाली.

राहीलनं मागं वळून पाहिलं नाही. आरशातही पाहिलं नाही.

मायणी गेली, विटा गेलं, ताकारीच्या पुलावर अंधार झाला. सपाट रस्त्यावरही गाडी चढणीला लागल्यासारखी ओढत होती. एकटा असला की राहील गाडी उडवत नेतो, सगळ्या इस्लामपूरला ठाऊक आहे. पण त्या रात्री गावात शिरताना प्रत्येक गतिरोधकाशी त्यानं ब्रेक दाबला आणि गाडी अलगद, अगदी अलगद वर चढवून उतरवली. मागं माणूस बसलेला असला की जपून उतरवतात तशी.